'जैन मिळतं' असं लिहिण्याआधी



आज खरं तर कच्च्या केळ्याच्या कोफ्त्यांची कृती देणार होते. ती पुढच्या वेळी नक्की देईन. आज जरा भांडायचं आहे, आणि पहिलं भांडण माझं माझ्याशीच आहे.

गेल्या हिवाळ्यात आमची आठ जणींची भिशी होती. घरी कोण करणार म्हणून एका नव्या ब्रुअरीत गेलो. ब्रुअरी म्हणजे बिअर तिथंच गाळून तिथंच ग्लासात देतात ती जागा. आम्ही अर्थातच जेवायला गेलो होतो. दुपारची वेळ, ऊन छान, पोरांना पळायला हिरवळ. वेटरला विचारलं, "जैन मिळेल ना?" तो म्हणाला, "हो मॅडम, नो अनियन, नो गार्लिक." झालं. आमची चौकशी तिथं संपली. घरी येऊन मी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं: ॲम्बियन्स मस्त, पार्किंग भरपूर, स्टार्टर्स अप्रतिम, जैन मिळतं, पाच स्टार, जरूर जा!

दोन महिन्यांनी माझी सांगलीची मावशी पुण्याला आली. वय ७२. अनेक वर्षं सूर्यास्तानंतर पाण्याशिवाय काही घेत नाही. बाहेरचं शक्यतो टाळते, पण नातवाच्या वाढदिवसाला मोडता घालायचा नाही म्हणून दुपारच्या जेवणाला तयार झाली. वहिनींनी जागा कोणती निवडली? माझी शिफारस वाचून तीच ब्रुअरी.

सोनेरी, कुरकुरीत पनीर आलं. मावशीनं एक तुकडा खाल्ला. समोर बसलेला भाचा मेनूकार्ड मोठ्यानं वाचत होता, "बिअर बॅटर्ड पनीर फिंगर्स." मावशीला इंग्रजी थोडं कळतं. तिनं हातातला दुसरा तुकडा ताटात ठेवला आणि विचारलं, "बिअर म्हणजे दारूच ना रे?"

पिठात पाण्याऐवजी बिअर घालून भिजवतात. तिच्यातल्या बुडबुड्यांनी आवरण हलकं आणि कुरकुरीत होतं. हे मला त्या दिवशी कळलं. आमच्या भिशीत ह्याच पनीरच्या तीन प्लेटी संपल्या होत्या.

वहिनींनी वेटरला बोलावलं. तो बिचारा गोंधळला. म्हणाला, "मॅडम, ह्यात कांदा-लसूण अजिबात नाही. आणि तळल्यावर अल्कोहोल उडून जातं." मावशी कुणालाच काही बोलली नाही. उठून चूळ भरून आली, डोळे मिटून णमोकार म्हटला आणि ताट बाजूला सारलं. दुसऱ्या दिवशी तिनं उपवास धरला. मी पाया पडायला गेले, तेव्हा एवढंच म्हणाली, "अगं, तू लिहिलं होतंस ना, म्हणून मी काही विचारलंच नाही."

मैत्रिणींनो, त्या वाक्यानं मी अजून जागी आहे.

तुम्ही म्हणाल, हॉटेलवाल्यानं सांगायला हवं होतं. हवंच होतं. पण तो वेटर खोटं बोलला नव्हता. त्याला 'जैन' ह्या शब्दाचा जो अर्थ माहीत होता, त्या अर्थानं ते पनीर जैनच होतं. हा अर्थ त्याला कुणी शिकवला? आपण. टेबलावर बसून आपण दुसरं काही विचारतच नाही. आपल्या शिफारशीत दुसरं काही लिहीतच नाही. 'जैन' म्हणजे कांदा-लसूण वगळून, एवढाच तो शब्द आपण बाजारात नेऊन ठेवला आहे.

त्याचे परिणाम बघा. मेनूकार्डावर 'जैन दहीवडा' असतो. उडदाच्या वड्यावर कच्चं दही! द्विदल म्हणजे काय हे आपल्या आज्यांनी आपल्याला परकर-पोलक्यात शिकवलं, आणि आपण त्याच दहीवड्याचा फोटो टाकून 'यम्मी जैन ऑप्शन' लिहितो. 'जैन पास्ता' असतो, वरून पार्मेजान किसलेलं. इटलीतलं अस्सल पार्मेजान वासराच्या जठरातल्या रेनेटनं दूध फाडून करतात. 'जैन' ग्रेव्ही असते. पण पुष्कळ हॉटेलांत लाल ग्रेव्हीचं पातेलं सकाळीच कांदा घालून तयार होतं, आणि ऐन गर्दीत आपल्यासाठी वेगळी केली की नाही हे आपण पाहायला जात नाही. हिरव्या ठिपक्यावर विसंबावं, तर तो ठिपका मधाच्या बाटलीवरही असतो. शाकाहारी आणि जैन ह्यांतलं अंतर ठिपक्याला कळत नाही. ते कळायचं काम आपलं होतं.

आता बिअरबद्दल. हा विषय आपल्यात दबक्या आवाजातच बोलला जातो, म्हणून आज मोकळेपणी बोलते.

पुण्यात २००९ साली डूलालीनं मायक्रोब्रुअरी काढली. त्यानंतर शहरात अशा जागा वाढत गेल्या, आणि आता मुलांच्या वाढदिवसापासून ऑफिसच्या पार्टीपर्यंत सगळं तिथं होतं. कोण काय पितं हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. शेजारच्यांना मी शिकवायला जात नाही. माझं भांडण आपल्या घरात शिरलेल्या भाषेशी आहे. "अगं, क्राफ्ट बिअर वेगळी असते." "नैसर्गिक असते, केमिकल नाही." "जवाचं पाणी ते!" "कोकम घातलेली होती, आपलं सरबतच समज." ही वाक्यं मी गेल्या वर्षभरात आपल्याच बायकांच्या तोंडून ऐकली आहेत. काही जणींनी तर 'एक घोट घेतला, फारच रिफ्रेशिंग' असं लिहूनही टाकलं.

म्हणून मी नीट माहिती काढली. जव भिजवून त्याला मोड आणतात, मग भट्टीत सुकवून-भाजून त्याचा माल्ट करतात. तो भरडून गरम पाण्यात ठेवला की त्यातली साखर पाण्यात उतरते. ते पाणी हॉप्सची फुलं घालून उकळतात, त्यानं कडवटपणा येतो. थंड झालं की त्यात यीस्ट सोडतात. यीस्ट जिवंत असतं. ते साखर खातं, वाढतं, आणि त्यातूनच अल्कोहोल आणि बुडबुडे तयार होतात. म्हणजे जीवांची वाढ हा बिअरमध्ये अपघात नाही, तीच तर कृती आहे. आपल्या शास्त्रकारांनी मद्याला असंख्य जीवांचं उत्पत्तिस्थान म्हटलं, तेव्हा त्यांच्याकडे सूक्ष्मदर्शक नव्हता. पण त्यांना जे म्हणायचं होतं ते आज ब्रुअरीत काचेच्या भिंतीआड चकचकीत टाक्यांत मांडून ठेवलेलं असतं, आणि आपण त्याच्यापुढे उभं राहून सेल्फी काढतो.

गव्हाची हेफेवाइझेन नावाची एक बिअर असते, ती गढूळ दिसते. गढूळ का? कारण ती गाळत नाहीत, यीस्ट तसंच तरंगत असतं. शिफारशीत तिचं कौतुक काय असतं? 'फ्रेश, अनफिल्टर्ड!' घरातल्या नळाला गाळणं बांधणाऱ्या, जिवाणी विहिरीत परत सोडणाऱ्या बायकांच्या आपण नाती. पाणीसुद्धा न गाळता पिऊ नये असं शिकलेल्या घरात 'न गाळलेली' ही शाबासकी कधीपासून झाली?

मग 'मीड'. हे तर नावच गोड. मध आणि पाणी आंबवून केलेलं मद्य. मूनशाइन नावाची मीडरी पुण्याचीच आहे, त्यामुळे हे पेय इकडच्या मेनूकार्डांवर दिसतं. त्याची तारीफही तशीच: हलकं, फळांचं, ग्लूटेन नसलेलं, बायकांना आवडेल असं. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात श्रावकाचे आठ मूलगुण सांगितले. त्यांत पाच अणुव्रतं आणि तीन त्याग आहेत: मद्य, मांस, मधु. ह्या तिन्हींतले दोन एकाच ग्लासात, आणि खाली कॉमेंट काय? 'जैन फ्रेंडली आहे का ताई?' 'हो गं, फक्त हनी आहे!' मला हसावं की रडावं कळलं नाही.

आणखी ऐका. काही ठिकाणी, विशेषतः इंग्लंडातल्या जुन्या पद्धतीत, बिअर स्वच्छ दिसावी म्हणून माशाच्या हवेच्या पिशवीपासून केलेला आयसिंग्लास वापरतात. सगळीकडे वापरत नाहीत, दुसरेही उपाय आहेत. पण तुमच्या ग्लासातली कशी निवळली, हे 'पाच स्टार' लिहिणाऱ्या किती जणींनी विचारलं होतं?

आता माझ्यावर येणारे दोन आक्षेप मला माहीत आहेत.

पहिला: "दही आंबतं, इडलीचं पीठ आंबतं, ते बरं चालतं!" प्रश्न योग्य आहे आणि मी तो टाळणार नाही. म्हणूनच आपल्याकडे दह्याला मर्यादा आहे. पिठाला मर्यादा आहे: पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, थंडीत सात. काटेकोर पाळणाऱ्या घरांत रात्रभर आंबवलेलं पीठ वर्ज्यच असतं. माझ्या घरी इडली होते, हे मी उघड सांगते. मी मावशीच्या पायरीवर नाही. पण इडलीनं विवेक सुटत नाही, मद्यानं सुटतो, आणि विवेक सुटला की बाकीची व्रतं कुणाच्या भरवशावर राहायची? शिवाय एका ठिकाणी मी कमी पडते म्हणून सगळीकडेच सोडून द्यावं, हा कुठला न्याय?

दुसरा: "किती जुनाट! रिव्ह्यू म्हणजे चार ओळी गंमत, त्यात एवढं काय?" तर मला एक गोष्ट सांगायची आहे. माहिती काढताना मी खऱ्या बिअरवेड्या लोकांचं लिखाण वाचलं. ती माणसं गमतीनंच लिहितात, पण काय बारकाईनं! माल्ट कोणता, हॉप्स कुठले, कडवटपणाचं माप आयबीयू किती, अल्कोहोल किती टक्के, ग्लास स्वच्छ होता की नाही. आवडली नाही तर का नाही, तेही स्पष्ट. ज्या गोष्टीवर त्यांचं प्रेम आहे, तिच्याबद्दल ते प्रश्न विचारून मगच लिहितात. आणि आपण? मुनीमहाराजांच्या आहारासाठी चौका लावताना धान्याचा दाणा न् दाणा निवडणाऱ्या, पाणी उकळल्याची वेळ लक्षात ठेवणाऱ्या आपण बायका बाहेर पडलो की लिहितो, 'मस्त, जैन मिळतं, जरूर जा.' बिअरवाल्यांची त्यांच्या बिअरवर जेवढी निष्ठा आहे, तेवढीही आपली आपल्या शब्दावर नसावी?

गंमत लिहा की! खुर्च्या कशा होत्या, वेटर हसरा होता का, आइस्क्रीम वितळलं का, सगळं लिहा. पण 'जैन' हा शब्द लिहिताय, तेव्हा तुम्ही साक्ष देताय. तो वाचून कुणाची तरी सासू, कुणाची मावशी, कुणी नुकतं व्रत घेतलेली मुलगी निर्धास्तपणे घास उचलणार आहे.

मी स्वतःपुरते नियम केले आहेत. पटले तर घ्या.

ज्या जागेचा मुख्य धंदा मद्याचा आहे, तिला मी जैन शिफारस देणार नाही, जेवण कितीही चांगलं असलं तरी. आपल्या भिशीला आणि घरातल्या कार्याला ती जागा सुचवणार नाही. आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना 'नाही' म्हणायला लावणं हाच अन्याय आहे. त्या संकोचानं येतात आणि उपाशी बसतात.

इतर हॉटेलांत विचारल्याशिवाय लिहिणार नाही: ग्रेव्ही वेगळी केली का? तेल वेगळं आहे का? आलं, बटाटा, गाजर काढलं का, की फक्त कांदा-लसूण? पिठात, सॉसमध्ये, मिठाईत मद्य, मध किंवा अंडं आहे का? चीज कुठलं?

आणि जे विचारलं तेवढंच लिहीन. 'कांदा-लसूण नव्हता, बाकी विचारलं नाही' हे वाक्य लिहायला लाज वाटली तरी तेच लिहीन. 'मी कंदमूळ टाळते, पण रात्री जेवते' असं आपली पायरी सांगून लिहिलं, तर वाचणारी आपलं आपण ठरवेल. आपण सगळ्या एका पायरीवर नाही आणि त्यात कमीपणा नाही. आपण उभ्या आहोत त्याच्या वरच्या पायरीची पाटी लावणं, हे मात्र असत्य आहे. सत्याणुव्रत काय फक्त कोर्टातल्या साक्षीसाठी आहे?

ग्रुपवरची माझी ती जुनी शिफारस शोधून काढली. पुसून टाकणं सोपं होतं. मी ती पुसली नाही. तिच्याखाली लिहिलं: 'हे मी न विचारता लिहिलं होतं. इथल्या पदार्थांत बिअर असते. माझी चूक झाली.' दोन जणींनी अंगठा दाखवला. एकीनं लिहिलं, 'एवढं मनावर नको घेऊस गं.' तिच्यासाठीच हा एवढा प्रपंच. मनावर घेऊ या गं. नाही घेतलं, तर पुढच्या दहा वर्षांत 'जैन' हा मेनूकार्डावरचा एक मसाला होऊन बसेल, आणि आपल्या लेकी आपल्यालाच विचारतील, "आई, जैन म्हणजे विदाउट अनियन ना?"

मावशी परवा फोनवर म्हणाली, "तू केळ्याचे कोफ्ते करणार होतीस, त्याचं काय झालं?" म्हणजे तिनं क्षमा केली आहे. पुढच्या महिन्यात ती येतेय. ह्या वेळी जेवण माझ्या घरी, सूर्यास्ताच्या आत.

ज्यांच्या मनाला ह्या लिखाणानं टोचलं असेल, त्यांची उत्तम क्षमा मागते. मुद्दा मात्र मागे घेत नाही.

जय जिनेंद्र.