भीती वाटून घ्या



आपल्या प्रत्येक सभेत एक वाक्य हमखास ऐकू येतं : "घाबरू नका!" बोलणारा भाषण संपवतो, जीपमध्ये बसतो आणि राजूरला नाहीतर अकोल्याला निघून जातो. ऐकणारी बाई मात्र पाड्यावरच राहते. दुसऱ्या दिवशी डोक्यावर मोळी घेऊन तिला त्याच गार्डसमोरून जायचं असतं. तिला "घाबरू नको" म्हणणं सोपं आहे, पण त्यानं तिची भीती जात नाही. म्हणून आज जरा वेगळं मांडतो.

भीती म्हणजे भेकडपणा नव्हे. आपल्या डोंगरात तर ते शहाणपण आहे. कड्यावरचं मोहोळ काढणारा दोर दोनदा तपासतो. आषाढात ओढा भरला की म्हातारी माणसं पोराला पलीकडं जाऊ देत नाहीत. ही भीती जपायचीच. कोऱ्या कागदावर कुणी अंगठा मागितला तर भ्यायलाच पाहिजे. पण दुसरी एक भीती आपल्याला शिकवलेली आहे. खाकी दिसली की मान खाली, सायबाच्या टेबलापुढं गेलं की बोलती बंद. ही भीती कुणाचा जीव वाचवत नाही, नुसती जमीन घालवते.

कसं ते बघा. आपले बापजादे वनखात्याच्या म्हटलेल्या जमिनीवर नागली-वरई पिकवत आले. गार्ड आला की बऱ्याच जणांनी कोंबडं देऊन मिटवलं. त्या दिवसापुरतं मिटलंही. काही जणांनी मात्र धरून ठेवलं, "दंड घाला, पण पावती द्या." लोक त्यांना येडं म्हणाले. पुढं २००६ चा वनहक्क कायदा आला, १ जानेवारी २००८ ला त्याचे नियम आले. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत होतो, हे दाखवायची वेळ आली. तेव्हा तीच दंडाची पावती पुरावा म्हणून पुढं करता आली. कोंबडं खाल्लेल्याचा कुठं कागद असतो?

ज्यांच्याकडं पावती नाही त्यांनीही हात टेकू नयेत. दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या वडीलधाऱ्यांनी दिलेला, लिहून घेतलेला जबाब हाही नियमाप्रमाणे पुरावा आहे. पण बाबांनी बोलायला तर पाहिजे ना! "ह्याचा बाप इथं नांगर धरायचा, मी डोळ्यांनी पाह्यलंय," एवढंच सांगायचं असतं. तिथंच घसा कोरडा पडतो. आपलं नाव कागदावर चढलं तर उद्या आपल्यालाच बोलावतील, असं वाटतं.

काही जण म्हणतात, दावा करून आहे ती जमीन कशाला धोक्यात घालायची? त्यांना सांगा, दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत कसणाऱ्याला हुसकावता येत नाही, हे कायद्याच्या कलम ४(५) मध्येच आहे. गप्प बसणाऱ्याच्या हातात मात्र काहीच नाही. न बोलणं हाही धोकाच आहे, फक्त तो आज दिसत नाही.

धोका खोटा आहे असं मी म्हणणार नाही. आपल्या देवगावच्या राघोजी भांगऱ्यांना १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं. १९४५ साली ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांनी वेठ नाकारली, तेव्हा तलवाड्याला गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघं त्यात गेले. पण वेठ मोडली ती मोडलीच. एकट्यानं नाकारली असती तर त्याला झोडपून पुन्हा कामाला जुंपला असता. हजारोंनी एकदम नाकारली, म्हणून मालकांचं चाललं नाही. भीती प्रत्येकाच्या पोटात होतीच. ती वाटली गेली, म्हणून पेलली.

आपल्या संघटनेनं हेच करावं असं माझं मत आहे. जबाब द्यायला एका बाबाला पाठवू नका, पाच म्हातारे एका दिवशी बसवा. उपविभागीय समितीपुढं दावेदार एकटा जाऊ नये, पाड्यावरचे दहा जण सोबत असावेत. वनहक्क समितीत एक तृतीयांश बाया असायलाच पाहिजेत, पण नुसती नावं नकोत. पहिलं बोलणं त्यांचं असावं. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं होतो, तर सायबापुढं दोघंही उभी राहू द्या. आणि सगळ्यात गरीब माणसाला पुढं ढकलून आपण मागं राहायचं, हे बंद करा. ज्याचं घर भरलेलं आहे, त्यानं पहिली सही करावी.

असं चार वेळा झालं की माणूस बदलतो. भीती संपत नाही, पण ती उचलायची सवय होते. जी बाई एकदा समितीपुढं आपल्या बांधाची खूण सांगून आली, ती उद्या रेशनच्या दुकानात वजन विचारते, शाळेत मास्तर का येत नाही ते विचारते. पट्ट्याचा कागद मिळेल तेव्हा मिळेल. हे वाढलेलं माणूसपण मात्र कुणाला नामंजूर करता येणार नाही.

येत्या ग्रामसभेला येताना एकटे येऊ नका. जो सगळ्यात जास्त घाबरतो, त्याला सोबत घेऊन या.

जिंदाबाद!