फर्माईश आली, पण कुणाची?

आपल्या हॉस्टेलमध्ये कॅसिओ, ऑक्टोपॅड नाहीतर निदान ढोलक बाळगणारे बरेच जण आहेत. उन्हाळा लागला की ही मंडळी कुणाच्या ना कुणाच्या लग्नात वाजवायला जातात. मानधन म्हणजे जेवण आणि बसभाडं. हौस मात्र दांडगी! मीही त्यातलाच. 'जो येईल ती प्रत्येक फर्माईश पूर्ण करतो, तोच खरा कलाकार', असं आपल्यात मानतात. मला ते अजिबात पटत नाही.

फर्माईश करतो कोण, ते आधी बघा. स्टेजला खेटून उभी असलेली सात-आठ पोरं. दहाची नोट नाचवत, "भाऊ, झिंगाट लावा ना!" 'वाजवा' नाही, 'लावा'. जणू आपण टेपरेकॉर्डर! २०१६ साली 'सैराट' आला तेव्हापासून हे गाणं एका लग्नात चार-चार वेळा वाजतं. वाजवावं, एकदा जरूर वाजवावं. पण मांडवात मागे बसलेल्या आज्या, मावश्या, नवरीची आई यांची चिठ्ठी कधी येते का? त्यांनाही गाणं हवं असतं, फक्त त्या मागत नाहीत.

सालेकसा भागातल्या एका हळदीला आम्ही 'दिल्ली ६' (२००९) मधलं 'ससुराल गेंदा फूल' धरलं. सिनेमातलं हे गाणं मूळ छत्तीसगढी लोकगीतावरून आलेलं. आपल्या जिल्ह्याची हद्द तिकडे छत्तीसगढला लागते, त्यामुळे एक आजी वेगळेच शब्द गुणगुणू लागल्या. गायकाने माईक त्यांच्याकडे दिला, आम्ही नुसता ठेका ठेवला. मग बाया एकामागून एक सुरू झाल्या. अर्धा तास आमच्या यादीतलं एकही गाणं झालं नाही, आणि कुणाला त्याची आठवणही आली नाही.

खरी कसोटी बिदाईला. इकडे नवरी आईच्या गळ्यात पडलेली आणि तिकडे वरातीतला कुणीतरी, "आज मेरे यार की शादी है होऊन जाऊ द्या!" अशा वेळी सरळ हात जोडावे. 'नीलकमल' (१९६८) मधलं रफीचं 'बाबुल की दुआएँ' हळू आवाजात घ्यावं, नाहीतर चक्क थांबावं. नोट परत करावी. कुणी रागावलं तर रागावू द्या, ते लग्न त्याचं नाही.

आणखी एक नाजूक गोष्ट. बौद्ध घरच्या लग्नात भीमगीतं हा घराचा मान असतो. ती नीट बसवूनच जावं. पण समोरच्याला डिवचायला म्हणून कुणी कुठलंही गाणं मागितलं, तर घरच्या एका जबाबदार माणसाकडे बोट दाखवावं : "काकांना विचारा." असे काका सुरुवातीलाच ठरवून घ्यावेत. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

येत नसलेलं गाणं? परीक्षेतल्या ऑप्शनसारखं सोडून द्या! अर्धवट धरून दुसऱ्या कडव्यात अडकण्यापेक्षा "येत नाही दादा" बरं. आणि रात्री दहाला स्पीकर बंद. २००० सालचा ध्वनिप्रदूषणाचा नियमच आहे तो, फर्माईश आमदारांची असली तरी.

असो. 'बाबुल' सध्या काळी दोनमध्ये बसवतोय. ढोलकवाला हवा आहे. मेस सुटल्यावर भेटावे.