दंडाचा इष्टांक

मार्च महिना उजाडला की शिरपूर तालुक्यातील, किंबहुना साऱ्या खानदेशातील, महसुली नोकरांचे चित्त एका आकड्याभोवती घोटाळू लागते. तो आकडा वसुलीच्या इष्टांकाचा. आणि ज्याच्या सजाची वसुली मागे पडली त्या तलाठ्यास, ज्याला शासनाने अलीकडे ग्राम महसूल अधिकारी असे भारदस्त नाव बहाल केले आहे, तहसील कचेरीच्या आढावा बैठकीत सर्वांसमक्ष खाली मान घालून बसावे लागते.

सारा मागणारा माणूस रयतेला कधीच प्रिय नव्हता. 1852 साली सावदा-फैजपूरच्या शेतकऱ्यांनी इंग्रजांच्या जमीन मोजणीविरुद्ध एवढे उग्र रूप धारण केले, की सरकारास फौज आणावी लागली. त्या काळी शेतसारा हा राज्याचा प्राण होता. आज सातबाऱ्यावरचा आकार इतका क्षुल्लक राहिला आहे की, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावर जाऊन तो गोळा करण्यास लागणारे पेट्रोल पुष्कळदा त्याहून महाग पडते.

मग हा नोकर वर्षभर करतो तरी काय? परतीच्या पावसात भिजलेल्या कपाशीचा आणि फाल्गुनातल्या गारपिटीत आडव्या झालेल्या केळीचा पंचनामा तो करतो; फेरफार धरतो, वारसनोंदी लावतो, निवडणुकीच्या याद्या चाळतो; 2021 पासून शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाईलवर करावयाच्या ई-पीक पाहणीतही, ज्याला ती जमत नाही त्याचा मोबाईल अखेर ह्याच्याच हाती येतो. त्यातील विलक्षण गोष्ट अशी की, जो हात सारा मागतो त्याच हाताच्या पाहणीवर गावाची पैसेवारी उभी राहते, आणि ती पन्नास पैशांच्या आत आली म्हणजे त्याच साऱ्यात सूट मिळते. मागण्याचे व माफीचे असे दोन्ही अधिकार ज्याच्या दप्तरातून सुरू होतात, त्याची किंमत केवळ वसुलीच्या रकान्यावरून ठरवावी, हा न्याय मला अजब वाटतो.

तलाठी म्हणजे धुतल्या तांदळासारखा, असे म्हणण्याचे धाडस मात्र कोणी करू नये. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या कारवायांत महसूल खाते पोलीस खात्याशी पहिल्या क्रमांकासाठी स्पर्धा करीत असते, आणि नोंदीसाठी हेलपाटे घातलेल्या खातेदाराला ह्याचे नवल वाटत नाही. परंतु एकेका माणसाकडे अनेक गावे सोपवून, हाताखाली अधिकृत कारकून न देता, सर्व्हर बंद पडला तरी निर्गती मात्र मुदतीतच हवी असा आग्रह धरल्यावर तो पदरचा मदतनीस ठेवतो. लोक त्याला ‘झिरो तलाठी’ म्हणतात. ह्या झिरोचा पगार कोठून निघतो, हा प्रश्न कोणत्याही आढावा बैठकीत विचारला जात नाही.

सर्वांत विपरीत प्रकार वाळूचा. तापीच्या पात्रातून होणारा चोरटा उपसा रोखण्यासाठी महसुली पथके रात्री-अपरात्री नदीकाठी धाडली जातात. समोर डंपर, आणि हाती बहुधा विजेरी व पावतीपुस्तक. वाहन अंगावर घातल्याच्या बातम्या महाराष्ट्रातून इतक्या वारंवार येतात की, त्या आता आतल्या पानावर छापल्या जातात. विनापरवाना उत्खननास बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड करण्याची तरतूद जमीन महसूल संहितेत आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु हा दंड गौण खनिजाच्या वसुलीत जमा धरून पुन्हा त्याच वसुलीचा इष्टांक दरसाल वाढवीत जाणे, ह्याचा सरळ अर्थ असा होतो की, यंदा चोरी कमी झाली तर तलाठी नापास! ज्याने नदी खरोखर राखली त्याचा रकाना रिकामा, आणि ज्याच्या हद्दीत उपसा बेसुमार चालला व अधूनमधून दोन ट्रॅक्टर पकडले गेले, तो अव्वल.

म्हणून दंडाची रक्कम इष्टांकातून वगळावी, आणि सोबत पोलीस असल्यावाचून कोणत्याही तलाठ्यास वा कोतवालास रात्री नदीपात्रात धाडू नये. ह्या दोहोंस शासनाचे एक परिपत्रक पुरेसे आहे. सजाला अधिकृत मदतनीस देण्याच्या गोष्टीस मात्र खर्च पडेल, असे सांगितले जाईल. तो खर्च आजही होतोच आहे. फेरफारासाठी आलेला खातेदार तो मुकाट्याने भरतो, एवढेच, आणि त्याची पावती त्याला मिळत नाही.