रक्तक्षय आणि मज्जेची साक्ष

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) १५ ते ४९ वयोगटातील ५३.१ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या होत्या. पाचव्या फेरीत (२०१९-२१) हे प्रमाण ५७ टक्क्यांवर गेले. महाराष्ट्रात ते ४८ वरून ५४.२ टक्क्यांवर चढले. या दोहोंच्या दरम्यान, २०१८ साली, 'ॲनिमियामुक्त भारत' ही मोहीम सुरू झाली होती. गोळ्या वाटल्या जात असता आकडा वाढावा, हे कोडेच होय. बोटाच्या टोकाच्या रक्तावर केलेल्या मोजणीबद्दल तज्ज्ञांनी आक्षेप घेतले आहेत, आणि ते निराधार नाहीत. परंतु हा वाद मिटला तरी मूळ प्रश्न उरतोच. हिमोग्लोबिन कमी आहे एवढे समजल्याने नेमके काय समजले?

रक्त कमी पडण्याचे मार्ग दोन. एक तर अस्थिमज्जेत तांबड्या पेशी पुरेशा तयार होत नाहीत, किंवा तयार झालेल्या पेशी वाहून अथवा फुटून जातात. यांतील भेद हिमोग्लोबिनचा आकडा सांगत नाही. तो रक्तातील कोवळ्या पेशींची, म्हणजे रेटिक्युलोसाइटची मोजणी सांगते. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. मज्जेतून बाहेर पडल्यावर पहिला एक दिवस तिच्यात जाळीसारखे अवशेष असतात आणि न्यू मेथिलीन ब्लू या रंगाने ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. निरोगी माणसात अशा पेशी अर्धा ते अडीच टक्के असतात.

मात्र हा टक्का फसवा आहे. हिमॅटोक्रिट ४५ ऐवजी २५ वर उतरलेल्या रुग्णात ४ टक्के कोवळ्या पेशी आढळल्या, तर मज्जा दुपटीने राबते आहे असे वाटेल. परंतु एकूण पेशीच कमी असल्याने तो टक्का प्रथम सुमारे २.२ वर येतो. शिवाय अशा अवस्थेत कोवळ्या पेशी मज्जेतून लवकर बाहेर पडून दुप्पट काळ रक्तात राहतात, म्हणून पुन्हा निम्मा करावा लागतो. उरतो १.१! हा निर्देशांक दोनच्या खाली असेल तर मज्जेचा प्रतिसाद अपुरा. तीनच्या वर असेल तर मज्जा आपले काम चोख करीत आहे, नुकसान अन्यत्र होत आहे.

या मोजणीशी मुंबईचे जुने नाते आहे. १९२८ साली मुंबईत आलेल्या डॉ. लूसी विल्स यांनी गिरणीकामगार वर्गातील गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास केला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजे पुढे ओळखले गेलेले फॉलिक ॲसिड. योग्य औषध पोटात गेले की हिमोग्लोबिन वाढण्यापूर्वीच, पाच ते दहा दिवसांत, कोवळ्या पेशी उसळी घेतात.

आजच्या मोहिमेत नेमके हेच निसटते. महिन्याभरात हिमोग्लोबिन एक ग्रॅमनेही वाढले नाही, तर रुग्णाला वरच्या रुग्णालयात पाठवावे असा नियम आहे. प्रत्यक्षात पहिला संशय त्या बाईवरच घेतला जातो. गोळ्या घेतल्या नसतील, फेकून दिल्या असतील! गडचिरोली किंवा नंदुरबारच्या आदिवासी स्त्रीला सिकलसेल असेल, तर तिच्या पेशी भराभर फुटत असतात. मज्जा जिवाच्या आकांताने राबत असते आणि कोवळ्या पेशींचा आकडा उंच असतो. तिला केवळ लोह देत राहणे म्हणजे दुखणे एक आणि औषध दुसरे. वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णात तर जादा लोह अपायच करते.

सरसकट सर्वांची ही मोजणी करावी असे कोणी म्हणणार नाही. आकडा कमी आला तरी लोह कमी की ब-१२, की मूत्रपिंडाचा विकार, हे ठरवण्यास पुढील तपासण्या लागतातच. परंतु गोळ्यांना दाद न देणाऱ्या प्रत्येक रुग्णासाठी तालुक्याच्या रुग्णालयात ही सोय असणे अवघड नाही. त्यासाठी एक रंग, एक काचपट्टी, एक सूक्ष्मदर्शक आणि त्यातून सावकाश पाहण्यास वेळ मिळालेला तंत्रज्ञ लागतो. आणि या चारांत दुर्मीळ आहे तो शेवटचाच.