‘वय झालं’ हे निदान नव्हे

‘वय झालं, आता दम लागणारच.’ इंदूरच्या छत्रीबागेतल्या घरांत हे वाक्य इतक्या सहजपणे उच्चारलं जातं की आजारी माणूसही त्याच्यावर विश्वास ठेवून गप्प बसतो. या आठवड्यात मला त्या वाक्याशीच भांडायचं आहे.

वयानुसार फुप्फुसांची ताकद कमी होते, छातीचा पिंजरा ताठर होतो, स्नायू झडतात, हे खरं. पण हे सगळं फार हळूहळू होतं. मागच्या दिवाळीला राजवाड्यापर्यंत चालत गेलेला माणूस यंदा अर्ध्या वाटेत ओट्यावर टेकत असेल, तर तो आजार आहे असंच आधी समजावं. हृदय, फुप्फुसं, थायरॉईड, रक्त, यांतलं काहीही बिघडलेलं असू शकतं. रक्ताचं तर आपल्या घरांत फारच होतं. आजी उपास सोडत नाहीत, एरवी चहा-टोस्टवर भागवतात आणि अंगात त्राण नाही म्हणतात. बायकांचं हिमोग्लोबिन १२ च्या आणि पुरुषांचं १३ च्या खाली असेल, तर त्याला रक्तक्षय म्हणतात. तो का झाला हे शोधावं लागतं, कारण कधी कधी पोटात कुठेतरी रक्त झिरपत असतं. आडवं पडल्यावर धाप लागत असेल, उशाला दोन उशा लागत असतील, संध्याकाळी घोटे सुजत असतील, तर हृदयाची तपासणी लांबवू नये.

फुप्फुसांचं मात्र इंदूरला वेगळंच सांगायला हवं. इथली हुकुमचंद कापड मिल १९९१ मध्ये बंद पडली आणि कामगारांच्या देण्यांचा धनादेश २०२३ च्या डिसेंबरात निघाला. पैशांचा हिशेब तरी झाला. पण कापसाची धूळ वर्षानुवर्षं छातीत जाते, तेव्हा तिचंही काही देणं मागे राहतं. कापूस पिंजण्याच्या, म्हणजे कार्डिंग खात्यातल्या माणसाची छाती सुट्टीनंतर सोमवारी कामावर गेल्यावर आवळून यायची, हे कापसाच्या धुळीनं होणाऱ्या रोगाचं जुनं, ओळखीचं लक्षण. आणि ज्यांनी आयुष्यात विडीला हात लावला नाही, त्या बायकांनी कोळशाच्या शेगडीपुढे, लाकडाच्या चुलीपुढे किती धूर गिळला! त्यांनाही तोच दीर्घकालीन श्वसनरोग होतो, जो आपण फक्त विडी-सिगारेटवाल्यांचा मानतो. म्हणून डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपण होऊन सांगावं: मी मिलमध्ये अमुक खात्यात होतो, आमच्याकडे इतकी वर्षं चूल होती. आणि नळीत जोरात फुंकायची ती तपासणी, स्पायरोमेट्री, आवर्जून मागावी. सुरुवातीच्या काळात एक्स-रे अगदी स्वच्छ दिसू शकतो.

निदान झालं, औषध सुरू झालं, तरी दम पुरता जात नाही. मग घरचे प्रेमानं म्हणतात, ‘तुम्ही बसा, आम्ही करतो.’ या प्रेमाचा मला धसका वाटतो. बसून राहिलं की पायांचे स्नायू विरतात, विरलेल्या स्नायूंना तेवढ्याच कामाला जास्त हवा लागते, आणि दम आणखी वाढतो. डॉक्टरांनी मना केलं नसेल, तर रोज चालावं. थांबत, टेकत, पण चालावं.

श्वास नाकानं घ्यावा आणि गरम चहावर फुंकर घालावी तसा ओठ आवळून, घेण्याच्या दुप्पट वेळ लावून सोडावा. जिन्यावर पायरी चढताना श्वास सोडावा, रोखून धरू नये. धाप लागली की कठड्यावर हात टेकून पुढे वाकावं. टेबलफॅनचा वारा थेट चेहऱ्यावर घेतल्यानंही तगमग कमी होते. अंघोळ स्टुलावर बसून करावी. दिवाळीची सफाई एका सकाळी उरकण्याचा हट्ट सोडावा.

बसल्याजागी दम लागला, एक वाक्य पुरं करवेना, छातीत दुखलं किंवा ओठ निळसर दिसले, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करावा.

आणखी एक. ‘पंपाची सवय लागते’ या भीतीपोटी कितीतरी ज्येष्ठ इन्हेलर कपाटात ठेवून देतात. त्याची सवय लागत नाही. नीट न घेतल्यानं औषध छातीत जाण्याऐवजी घशातच राहतं, हे मात्र फार होतं. पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना तो बरोबर न्या आणि डॉक्टरांसमोर एकदा घेऊन दाखवा.