घरी मागे राहिलेला सोबती

म्हैसूरच्या शेजारच्या मंड्या जिल्ह्यातील आतकूर ह्या गावी, सन ९४९-५० च्या सुमारास, एका कुत्र्याची स्मृतिशिला उभारण्यात आली. ती आज बंगळूरच्या शासकीय वस्तुसंग्रहालयात आहे. गंग राजा दुसरा बूतुग ह्याने मनलेर नामक वीरास बक्षीस देऊ केले, तेव्हा त्याने राजाचा ‘काळी’ हा शिकारी कुत्रा मागून घेतला. पुढे रानडुकराशी झुंजताना त्या कुत्र्याने प्राण वेचले, असे तीवर कोरलेले आहे. कुत्र्याच्या निष्ठेचे गोडवे आपण असे पूर्वापार गात आलो. परंतु धन्यावरील हीच माया एकांतात त्याला भयभीत करू शकते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

विजयादशमीचाच दिवस घ्या. जंबूसवारी आणि रात्रीचे बन्नीमंटपातील मशालींचे संचलन पाहण्यास म्हैसूरची कुटुंबे बाहेर पडतात. कुत्रा एकटा घरी राहतो. परत येऊन पाहावे, तो दाराची चौकट ओरबाडलेली, चपला कुरतडलेल्या, फरशी ओली! ‘आम्ही गेलो म्हणून ह्याने सूड उगवला’ असे समजून यजमान काठी उगारतात. वाचकहो, हा सूड नव्हे. ही भीती होय. कुत्र्याची ‘अपराधी’ मुद्राही फसवी असते. ती त्याच्या कृत्यापेक्षा धन्याच्या रागावण्यामुळे उमटते आणि निर्दोष कुत्राही रागावल्यास तसाच ओशाळा दिसतो, असे अलेक्झांड्रा हॉरोविट्झ ह्या अमेरिकन संशोधिकेला २००९ साली आढळून आले. मारल्याने भीती दुणावते, एवढेच.

प्रथम कारण निश्चित करावे. दसऱ्याच्या तोफांनीही कुत्रा बिथरतो. म्हणून एखाद्या शांत दिवशी घरात मोबाइल ठेवून चित्रीकरण करून पाहावे. आपण बाहेर पडताच तो येरझारा घालू लागला, धापा टाकू लागला, दाराशी विव्हळू लागला आणि आवडत्या खाऊलाही तोंड लावीनासा झाला, तर विरहाचे भय आहे असे समजावे. मूत्रविकारामुळेही घर ओले होऊ शकते. तेव्हा पशुवैद्यांकडून तपासणी करून घ्यावी.

उपाय सोपा, पण चिकाटीचा आहे. किल्ल्या खुळखुळल्या की कुत्रा ओळखतो, आता ही मंडळी निघाली. म्हणून दिवसातून अनेकदा किल्ल्या उचलाव्या, चपला घालाव्या आणि बाहेर न जाता स्वस्थ बसावे; त्या खुणेतील धसका ओसरतो. नंतर दाराबाहेर काही क्षणच थांबून, तो घाबरण्यापूर्वीच परत यावे. तो शांत राहील त्या मानाने अर्धा मिनिट, दोन मिनिटे, दहा मिनिटे अशी मुदत वाढवावी. अस्वस्थ झाल्यास एक पायरी मागे यावे. हा अभ्यास चालू असता त्याला दीर्घकाळ एकटे ठेवू नये. आजीआजोबा वा शेजारी ह्यांची सोबत योजावी. निघण्यापूर्वी त्याला फिरवून आणावे. निरोपाचा सोहळा करू नये. पिंजऱ्यात कोंडणे किंवा साखळीने बांधणे टाळावे; धडपडीत दात व नखे दुखावतात. दुसरा कुत्रा आणल्यानेही काम भागेलच असे नाही, कारण ओढ बहुधा माणसाची असते.

विकार तीव्र असल्यास पशुवैद्य औषध देतात. अमेरिकेत १९९८ साली क्लोमिप्रामिन हे औषध ह्या विकारासाठी संमत झाले. परंतु तेही अभ्यासाच्या जोडीनेच द्यावयाचे असते. माणसांची औषधे स्वतःच्या मनाने कदापि देऊ नयेत.

ह्या अभ्यासास कित्येक आठवडे लागतात. तेव्हा दसऱ्याचा बेत श्रावणात ठरत असेल, तर कुत्र्याच्या अभ्यासाचा आरंभही श्रावणातच करावा; आणि तोवर तो तयार झाला नाही, तर घरातील एकाने त्या दिवशी त्याच्याजवळ थांबावे.