तलाव सरकारचा, राखण कोणाची ?

आपल्या शेतांत शेततळें खणणाऱ्या शेतकऱ्यास सरकार पैसे देतें, आणि जुन्या तलावांतील गाळ आपल्या शेतांत पसरणाऱ्या लहान खातेदारासही देतें. दोन्हीं अनुदानें चांगल्या हेतूनें निघालीं याविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु दोहोंचा हिशेब मातीच्या मापावर चालतो. ज्या तलावांवर चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टींतील धानाची शेती पिढ्यान् पिढ्या उभी आहे ते जगले कीं मेले, हा प्रश्न त्या हिशेबांत कोठेंच येत नाहीं.

तलावासाठीं अनुदान ही कल्पना या मुलुखास नवी नाहीं. चांद्याच्या गोंड राजांविषयीं, विशेषतः हीरशहाविषयीं, परंपरा असें सांगते कीं जो तळें बांधील त्यास त्याच्या पाण्यानें भिजणारी जमीन इनाम मिळे. ही तजवीज वकिली दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. राजा रोकड देत नसे. तो जें देई त्याची किंमत तलावांत पाणी असेपर्यंतच टिके. पाळ फुटली कीं इनामाचीही माती झाली. तेव्हां पाळ राखण्यासाठीं मालकावर कारकून नेमण्याचें कारण पडत नसे. अशाच व्यवस्थेंतून, कोहळी समाजाच्या कसबावर आणि गांवच्या श्रमावर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या भागांत हजारों तलाव व बोड्या झाल्या.

पुढें मालगुजारी आली व १९५० च्या मध्यप्रदेशच्या कायद्यानें ती गेली. ३१ मार्च १९५१ पासून गांवचे तलाव सरकारांत जमा झाले. मालगुजारीसाठीं आम्हीं अश्रू ढाळणार नाहीं. वेठ व बेदखली ज्यांनीं सोसली त्यांच्या नातवांना तिचें गुणगान ऐकविण्याचें पाप आमच्या हातून न घडो. पण त्या कायद्याचें एक उणें दाखविलेंच पाहिजे. त्यानें तलावाची मालकी उचलली. दुरुस्तीचा भार मात्र कोणाच्या शिरीं तेवढ्याच स्पष्टपणें ठेवला नाहीं. लोकांचे निस्ताराचे हक्क वाजिब-उल-अर्जांत लिहिलेले राहिले. गुरांना पाणी पाजण्याचा हक्क लिहिलेला, घाटावर धुण्याचा लिहिलेला. पाळीवर माती टाकावी कोणीं, याची मात्र भांडणें. १९६२ त जिल्हा परिषदा आल्या, लहान तलाव त्यांच्या यादींत गेले आणि 'माजी मालगुजारी' हें नांव घेऊन बसले. सरकारी कागदांत त्यांस 'मामा तलाव' म्हणतात. मामा म्हटलें खरें, पण भाच्यांनीं मामाची विचारपूस कितीशी केली ?

आतां आजच्या अनुदानांकडे वळूं. २०१६ त 'मागेल त्याला शेततळे' योजना निघाली व तींत ५०,००० रुपयांपर्यंत साह्य ठरलें. गाळमुक्त धरणाची योजना २०१७ त आली आणि २०२३ त नव्यानें सुरू झाली. तींत लहान शेतकऱ्यास एकरीं १५,००० रुपयांपर्यंत, अडीच एकरांच्या मर्यादेंत, मिळण्याची सोय झाली. गाळ निघालाच पाहिजे, यांत वाद नाहीं. रोवणी झाल्यावर पावसानें दगा दिला तर बांधींतलें पीक शेवटच्या एका पाण्यासाठीं अडतें, आणि अर्धा गाळानें भरलेला तलाव तें पाणी देऊं शकत नाहीं. पण घनमीटरावर पैसा मोजला कीं यंत्र सोपें तेथें खोल खड्डा घेतें व कडेची उथळ, वनस्पतींची जागाही खरवडून नेतें. मासळी अंडीं घालते ती तेथेंच. पाणपक्षी खातात तें तेथेंच. तलाव ठेक्यानें घेणाऱ्या ढिवर बांधवांस दुसऱ्या वर्षीं जाळें रिकामें दिसतें, व कारण विचारावें कोणास हें त्यांस कळत नाहीं.

उलट उदाहरण शेजारींच आहे. भंडारा-गोंदियाकडे ढिवर स्त्री-पुरुषांनीं, भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या साह्यानें, तलावांतील बेशरम हातानें उपटली, तळ नांगरून देशी पाणवनस्पती लावल्या आणि देशी मासळी परत आणण्याचा उद्योग केला. त्यांस जें कळतें तें यंत्राच्या मीटरास कळत नाहीं.

आमची सूचना अशी. अनुदानाचा कांहीं भाग तलावाच्या पाणलोटांतील खातेदारांस द्यावा. ज्याच्या शेतावरून पाणी तलावांत येतें त्यानें उतारावर बांध व गवताची पट्टी राखावी, विष फवारलेलें पाणी थेट ओहोळांत सोडूं नये. ग्रामसभेशीं तसा लेखी करार करावा. अर्धी रक्कम कामावर आणि अर्धी तीन पावसाळे उलटल्यावर, बांध जागेवर असेल तर, मिळावी. तलावाच्या पोटांत नांगर घालणाऱ्यास एक रुपयाही मिळूं नये. तपासणीस ओव्हरसीयरबरोबर ढिवर संस्थेचा मनुष्य असावा.

खासगी जमिनीवर सार्वजनिक पैसा कां, असा आक्षेप येईल. न्यूयॉर्क शहरानें १९९७ त याचाच विचार केला. शंभर मैलांवरील कॅटस्किल डोंगरांतून त्याचें पाणी येतें. पाणी गाळण्याचा अवाढव्य कारखाना उभारण्यापेक्षां वरच्या शेतकऱ्यांस जमीन स्वच्छ राखण्यासाठीं पैसे देणें स्वस्त, असा त्यानें हिशेब केला व करार केले. व्यापारी शहर तें. दानधर्म म्हणून त्यानें हें केलें नाहीं.

नगरवासीयांनींही हा प्रश्न खेड्यांचा समजून स्वस्थ बसूं नये. चंद्रपूरच्या रामाळा तलावासाठीं २०२१ त एका नागरिकास अन्नत्याग करावा लागला, आणि त्या तलावांत जाणारें सांडपाणी खेड्यांतून आलेलें नव्हतें. मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, वडसा येथील गिरणीमालकांसही आमचें एक विचारणें आहे. ज्या धानावर त्यांच्या गिरण्या चालतात त्याचें पाणी या तलावांचें. अनुदानाची दुसरी अर्धी रक्कम तीन वर्षें सरकारी तिजोरींत अडकेल, या भीतीनें गरीब खातेदार करार करण्यास कचरेल. तेवढी रक्कम गिरणीमालकांच्या मंडळानें बिनव्याजी आगाऊ द्यावी व पावती जिल्हा परिषदेकडून वसूल करावी. अशा कराराचा मसुदा मराठींत विनामूल्य करून देण्यास आम्ही तयार आहों.